नांव एकाचें, घडण दुसऱ्याची

पुणें-नाशिक रस्त्यावर चाकण मागें टाकलें म्हणजे राजगुरुनगर, मंचर, नारायणगांव, आळेफाटा अशीं आपल्या ओळखीचीं बाजाराचीं गांवें ओळीनें लागतात. या रस्त्याच्या दक्षिण भागांत चाकणचे मोटारींचे कारखाने आहेत, आणि उत्तरेच्या टोंकास नाशिक येथें महिंद्र कंपनीची ‘थार’ नांवाची दणकट गाडी तयार होते. आंबेगांव तालुक्याच्या पूर्वेस शिरूर तालुका लागतो. त्या तालुक्यांत रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत ‘जीप’ हें जगभर माहीत असलेलें नांव धारण करणारी गाडी सन २०१७ पासून तयार होत आहे. डोंगरांत, खडकांत आणि पावसाळ्याच्या चिखलांत न अडणारी गाडी कशी घडते हें जाणण्यास जुन्नर-आंबेगांवच्या मनुष्यास दूर देशीं जावयास नको.

परंतु ती गाडी घडविणारा कोण, असा प्रश्न केल्यास पुष्कळांचें उत्तर चुकेल. रांजणगांवच्या गाडीच्या तोंडावर ‘जीप’ असें लिहिलेलें असतें. कारखाना चालविणाऱ्या कंपनीचें नांव फियाट इंडिया. आणि त्या कंपनींत निम्मा वांटा टाटा मोटर्सचा व निम्मा परदेशीय मालकांचा अशी योजना होऊन ती उभी राहिली. त्याच आवारांतून टाटांच्या स्वतःच्या नांवाच्या गाड्याही बाहेर पडतात. नांव व आराखडा एकाचा, भांडवल दोघांचें, आणि घडण तिसऱ्याच हातांची, अशी ही व्यवस्था आहे. तिचें स्वरूप आमच्या शेतकरी बांधवांनीं नीट समजून घ्यावें असें आम्हांस वाटतें. कारण हीच व्यवस्था आतां बटाट्याच्या सरीपर्यंत व बियाण्याच्या पिशवीपर्यंत येऊन पोंचली आहे.

घडणावळ

व्यवस्था मुळांत नवी नाहीं. घरांत लग्न निघालें म्हणजे आपण सोनाराकडे सोनें देतों, नमुना दाखवितों, दागिना तोलून घेतों आणि घडणावळ चुकती करतों. दागिना आपला राहतो; सोनारास घडणावळ मिळते. मोटारींच्या धंद्यांत हेंच होतें. एका कंपनीजवळ नांव, आराखडा व विक्रीचीं दुकानें असतात. तिला नवा कारखाना उभारावयाचा नसतो, अगर असलेल्या कारखान्यांत त्या गाडीस जागा नसते. मग ती दुसऱ्या कारखानदाराशीं करार करते. आराखडे, मापें व पुष्कळदां महत्त्वाचे सुटे भागही ती पुरविते. कारखानदार गाडी घडवून देतो आणि दर गाडीमागें ठरलेली घडणावळ घेतो. गाडी विकली जाते ती पहिल्या कंपनीच्या नांवानें.

दणकट गाडीच्या बाबतींत ही रीत विशेषेंकरून आढळते, व त्यास कारण आहे. साध्या मोटारींत इंजिनाचा जोर दोनच चाकांस पोंचतो. दणकट गाडींत तो चारही चाकांस नेतां येतो. म्हणून पुढच्या चाकांसही जोर देणारें दांत्यांचें यंत्र बसवावें लागतें, आणि तो जोर पुढें व मागें वांटणारी एक पेटी मध्यें घालावी लागते. रुतलेल्या बैलगाडीस पुढें दुसरी जोडी जुंपल्यानें जें साधतें, तें या पेटीनें साधतें. शिवाय अशा जुन्या धर्तीच्या गाडीस खालीं पोलादी तुळयांचा जाड सांगाडा असतो व वरचा साटा त्यावर निराळा बसवितात. काम अधिक, वजन अधिक, आणि गिऱ्हाईक मात्र थोडें. जो कारखाना वर्षास लाखों मोटारी एकाच रांगेंतून काढतो, त्यास अशा थोड्या व वेगळ्या गाडीसाठीं आपली रांग मोडणें परवडत नाहीं. ज्यास थोड्या संख्येचें हातकसबाचें काम करण्याची संवय आहे, त्यास तें परवडतें.

महसुलाच्या कागदांत उमेद घालविलेल्या आमच्यासारख्यांस या करारांत गांवचेच जुने कागद दिसूं लागतात. कांहीं करार सालगड्याच्या बोलीसारखे असतात: काम करावें, ठरलेली रक्कम घ्यावी, पिकाशीं संबंध नाहीं. कांहीं बटाईसारखे असतात: खर्च दोघांचा, वांटा दोघांचा. दोहोंत एक गोष्ट मात्र सारखी आहे. ज्याच्या नांवावर मूळ नोंद, त्याचा शब्द शेवटचा. ही गोष्ट जीपच्या इतिहासांत जशी उघड दिसते तशी दुसरीकडे क्वचितच दिसेल.

जीपचा जन्म

सन १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या सैन्यानें १३५ कारखानदारांस पत्रें धाडून टेहळणीसाठीं हलकी, चारही चाकांस जोर असलेली गाडी मागितली. मुदत फारच थोडी होती. पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील बटलर गांवच्या बँटम नांवाच्या लहानशा, ओढगस्तीस आलेल्या कंपनीनें कार्ल प्रोब्स्ट या आराखडेकाराच्या साह्यानें ती मुदत गांठली, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं पहिली गाडी मेरीलँड प्रांतांतील होलाबर्ड येथील सैन्याच्या तळावर नेऊन उभी केली.

गाडी पसंत पडली. परंतु एवढी लहान कंपनी युद्धास पुरतील इतक्या गाड्या देऊं शकेल असा भरंवसा सैन्यास वाटला नाहीं. म्हणून बँटमचे आराखडे विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांच्या हातीं देण्यांत आले. दोघांनींही आपापल्या गाड्या सिद्ध केल्या. तिघांत विलिसचें इंजिन जोरदार, साठ अश्वशक्तीचें होतें. १९४१ सालीं १६,००० गाड्यांचा ठेका विलिसला मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस, एका कारखान्यावर सर्व भार टाकणें बरें नव्हे म्हणून, फोर्डला विलिसच्याच आराखड्यावरून गाड्या घडवून देण्याचें काम सोंपविण्यांत आलें.

युद्ध संपेपर्यंत विलिसनें सुमारें ३,६०,००० व फोर्डनें सुमारें २,७८,००० गाड्या दिल्या. अट अशी होती कीं, एका कारखान्याच्या गाडीचा भाग दुसऱ्याच्या गाडीस बसला पाहिजे. आपल्याकडे एका सुताराचें चाक दुसऱ्या सुताराच्या गाडीस क्वचित् बसतें. येथें शेंकडों मैलांच्या अंतरावर असलेल्या दोन कारखान्यांनीं एकाच मापानें काम केलें. फोर्डनें आपल्या पुष्कळ भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षराचा ठसा मारला. भाग वाईट निघाल्यास कोणाच्या घडणीचा हें त्यावरून कळे. जीपच्या तोंडावरील उभ्या खांचांची, पत्र्यांतून दाबून काढलेली जाळी प्रथम फोर्डनेंच केली. पुढें ती विलिसनेंही उचलली. आज जगांत लोक जीप ओळखतात ती त्या जाळीवरून.

आतां हिशेब पाहूं. बँटमनें पहिली गाडी दिली. तिच्या वांट्यास एकंदर सुमारें २,७०० गाड्यांचें काम आलें, व पुढें जीपच्या मागें ओढावयाचे गाडे करण्यावर तिला समाधान मानावें लागलें. फोर्डनें पावणेतीन लाखांवर गाड्या घडविल्या, ओळखीची जाळी दिली, आणि आपली रक्कम घेऊन ती बाजूस झाली. ‘ही गाडी आम्हींच निर्माण केली’ अशा अर्थाच्या जाहिराती विलिस देत असे. त्यांस अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगानें १९४३ सालीं हरकत घेतली व १९४८ सालीं निर्णय विलिसच्या विरुद्ध दिला. तरीही १९५० सालीं ‘जीप’ हें नांव रीतसर नोंदलें गेलें तें विलिसच्याच खातीं. पहिला नांगर कोणी धरला याची चौकशी एका दप्तरांत राहिली आणि मालकीची नोंद दुसऱ्या दप्तरांत झाली.

नांवाचे फेरफार

तलाठ्याच्या दप्तरांत जमिनीचे फेरफार लिहितात तसे या नांवाचे लिहावयाचे झाल्यास एक पान भरेल. १९५३ सालीं विलिस कंपनी कैसरनें घेतली. १९७० सालीं जीपचा धंदा अमेरिकन मोटर्सकडे गेला. १९८७ सालीं अमेरिकन मोटर्स क्रायस्लरनें विकत घेतली. १९९८ सालीं क्रायस्लर जर्मनीच्या डाइमलर-बेंझमध्यें मिळाली, २००७ सालीं निराळी झाली, पुढें इटलीच्या फियाटशीं जोडली गेली. आणि २०२१ च्या आरंभीं फ्रान्सच्या प्यूझोशीं एकीकरण होऊन स्टेलांटिस ही कंपनी झाली, तिच्याकडे तें नांव आलें. या अवधींत घडविणारे हात कितीदां तरी बदलले. नांव मात्र खरेदीखतासारखें अखंड एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलें.

याच काळांत मुंबईस एक निराळी गोष्ट घडत होती. जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधु आणि गुलाम महंमद यांनीं १९४५ सालीं महिंद्र अँड महंमद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनी महिंद्र अँड महिंद्र या नांवानें चालूं लागली. तिनें विलिसकडून प्रथम ७५ गाड्यांचे सुटे भाग मागविले व माझगांव येथें जीपा जोडण्यास आरंभ केला. पेटींतून आलेले भाग कागदांत पाहून एकमेकांस जोडणें, एवढेंच तें काम. परंतु कंपनी जोडणीवर थांबली नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत जोडणीपुढें जाऊन घडणीचा करार झाला, आणि क्रमाक्रमानें पत्रा, सांगाडा, आंस, इंजिन असे भाग देशांतच होऊं लागले. तहसील कचेरी, पोलीस ठाणें व पाटबंधारे खातें यांच्या आवारांत ज्या जीपा वर्षानुवर्षें उभ्या असत, आणि भीमाशंकराच्या रानालगतच्या वाड्यांपर्यंत ज्या पावसांतून जात, त्या याच घडणीच्या. थार ही त्याच वंशांतली.

घडणावळ घेतां घेतां या कंपनीनें विद्या घेतली, हें तिचें चातुर्य होय. तथापि नांवाचा प्रश्न मिटला नव्हता. २०१८ सालीं तिनें अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं ‘रॉक्सर’ नांवाची, शेतांत व रानांत चालविण्याची गाडी काढली. फियाट-क्रायस्लरनें तक्रार केली कीं, हिचें रूप आमच्या जीपचें आहे. महिंद्रनें २००९ सालच्या एका कराराचा आधार दाखविला. जून २०२० मध्यें अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानें निर्णय महिंद्रच्या विरुद्ध दिला. कंपनीस गाडीचा चेहरा बदलावा लागला, आणि डिसेंबर २०२० मध्यें त्या बदललेल्या रूपास आयोगानें मोकळीक दिली. न्यायालयांतील वाद त्यापुढेंही चालला. सत्तर वर्षें ज्या बांध्याची गाडी घडविली, त्या बांध्यावर हक्क सांगतां आला नाहीं.

कसेल त्याची जमीन, घडवील त्याचें नांव नव्हे

येथें आमच्या खात्यांतील एका कायद्याची आठवण होते. १९४८ सालचा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यांत पुढें झालेली दुरुस्ती यांअन्वयें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. कायद्यांतील अटींस पात्र असें जें कूळ त्या दिवशीं जमीन कसत होतें, तें तिचें मालक होण्यास पात्र मानलें गेलें. आपल्या दोन्ही तालुक्यांत कित्येक सातबाऱ्यांवर आज जीं नांवें आहेत, तीं त्या दिवसामुळें आहेत. कसण्याचें काम दीर्घकाळ केलें तर हक्क उत्पन्न होतो, ही कल्पना आमच्या हाडींमासीं खिळली आहे.

कारखान्याच्या जगांत असा कृषकदिन नाहीं. तेथें पन्नास वर्षें घडविलें तरी नांवावर हक्क उत्पन्न होत नाहीं. करारांत जें लिहिलें असेल तेवढेंच आपलें. लिहिलें नसेल तें मालकाचें.

म्हणून अशीं कामें घेऊंच नयेत, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. पुणें जिल्ह्यांतच फोर्स मोटर्स कंपनीचें उदाहरण आहे. नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं ती बजाज टेंपो या नांवानें काढली व जर्मनीच्या टेंपो कंपनीच्या आराखड्यावरून तीनचाकी गाड्या केल्या. ‘टेंपो’ हा शब्द आमच्या बाजारांत इतका रुजला कीं, तो परका होता हें कोणास आठवतही नाहीं. पुढें ही कंपनी मर्सिडीझसाठीं इंजिनें घडवूं लागली, व २०१६ सालीं त्या कामासाठीं चाकण येथें तिचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. याच कंपनीच्या ‘गुरखा’ नांवाच्या दणकट गाडींत मर्सिडीझच्या वंशांतलें इंजिन बसविलेलें असतें. दुसऱ्यासाठीं घडवितांना हात बसला, तो स्वतःच्या नांवाच्या गाडीस उपयोगी पडला. रांजणगांवासही असाच लाभ झाला. जीपसाठीं तेथें जें डिझेल इंजिन होतें, त्याच जातीचें इंजिन २०१९ सालीं बाजारांत आलेल्या टाटांच्या ‘हॅरियर’ गाडीस मिळालें. आणि २०२१ पासून जीपची ‘रँग्लर’ ही खरी डोंगरी गाडी तेथें सुट्या भागांपासून जोडली जाऊं लागली.

मागणी थांबली म्हणजे

दुसरी बाजू पाहण्यासाठीं युरोपांत ऑस्ट्रिया देशाच्या ग्राट्झ शहरीं जाऊं. चौकोनी डब्यासारखी मर्सिडीझची ‘जी’ गाडी १९७९ पासून तेथें घडते. डोंगरी गाड्यांचा अनुभव असलेल्या श्टायर-डाइमलर-पुख या ऑस्ट्रियन कंपनीनें ती मर्सिडीझच्या सहकार्यानें काढली. आरंभीं दोघांची भागी होती, आणि ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथें कित्येक वर्षें ती गाडी ‘पुख’ या नांवानें विकली जात असे. लवकरच भागी जाऊन ठेका राहिला, आणि शेवटीं पुख हें नांवही गाडीवरून गेलें. आज तो कारखाना कॅनडाच्या मॅग्ना कंपनीचा आहे. २०२३ सालीं तेथें पांच लाखावी ‘जी’ गाडी तयार झाली. म्हणजे सरासरीनें वर्षास अकरा-बारा हजार. मोठ्या कारखान्यास न परवडणारी ही संख्या ग्राट्झच्या कारागिरांस चव्वेचाळीस वर्षें पोसती झाली.

त्याच कारखान्यानें फिस्कर नांवाच्या एका नव्या अमेरिकन कंपनीसाठीं विजेवर चालणारी ‘ओशन’ ही गाडी नोव्हेंबर २०२२ पासून घडविण्यास घेतली. २०२३ सालांत दहा हजारांवर गाड्या झाल्या. गिऱ्हाईक पुरेसें मिळालें नाहीं, पैसा संपला, मार्च २०२४ मध्यें घडण थांबली व जूनमध्यें फिस्करनें दिवाळें काढलें. गाडी विकण्याचा धंदा फिस्करचा होता. पण रिकामी झालेली रांग, थांबलेलीं यंत्रें आणि काम गेलेले मजूर ग्राट्झमध्यें राहिले. एका घरचें दिवाळें दुसऱ्या घरच्या चुलीपर्यंत पोंचलें. मालकीच्या नोंदींत ज्याचें नांव नाहीं, त्याच्याही माथीं तोटा येतो, हें या प्रकरणावरून शिकण्यासारखें आहे.

आपल्या रानांत

आतां आमच्या वाचकांच्या दाराशीं येऊं. आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठार खरीप बटाट्यासाठीं प्रसिद्ध आहे. वेफर करणाऱ्या कंपन्यांशीं करार करून बटाटा लावण्याची रीत तेथें माहीत झालेली आहे. बेणें कंपनीचें, जात कंपनीची, माप कंपनीचें. जमीन, पाणी, मेहनत व आभाळाची भीति शेतकऱ्याची. भाजीपाल्याचें व इतर पिकांचें बियाणें कंपन्यांसाठीं करून देण्याचें कामही पुष्कळ ठिकाणीं याच रीतीनें चालतें. पिशवीवर नांव कंपनीचें असतें. ग्राट्झच्या कारखानदाराची आणि पठारावरील बटाटेवाल्याची जागा कागदावर एकच आहे.

मालकीचा वाद शेतांतही येऊन पोंचतो. २०१९ सालीं पेप्सिको कंपनीनें गुजराथेंतील कांहीं शेतकऱ्यांवर, आमची नोंदलेली बटाट्याची जात परवानगीवांचून लावली, म्हणून दावे लावले. कांहीं जणांकडे माणशीं एक कोटीहून अधिक रुपयांची मागणी होती. देशभर ओरड झाल्यावर मे २०१९ मध्यें कंपनीनें दावे काढून घेतले. डिसेंबर २०२१ मध्यें वाणसंरक्षण प्राधिकरणानें त्या जातीची नोंद रद्द केली. जानेवारी २०२४ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें ती रद्द करण्याचा हुकूम फिरविला. या संबंधाचा २००१ सालचा कायदा शेतकऱ्यास एक मोठा हक्क देतो: नोंदलेल्या जातीचेंही बियाणें तो राखून ठेवूं शकतो, पेरूं शकतो, अदलाबदल करूं शकतो व विकूंही शकतो, मात्र नांव छापलेल्या पिशवींत घालून विकूं शकत नाहीं. येथेंही गांठ नांवाशींच येऊन पडते, हें ध्यानांत यावें.

नांव शेतकऱ्यांचेंच राहील अशीही एक तरतूद आपल्या देशांत आहे. १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याखालीं एखाद्या मुलुखाचें नांव तेथील मालासाठीं नोंदतां येतें. आपल्याच जिल्ह्यांतील पुरंदरचें अंजीर असें नोंदलेलें आहे. जीपचें नांव सहासात हातांतून फिरलें. परंतु या कायद्याखालीं नोंदलेलें नांव विकतां येत नाहीं, गहाण ठेवतां येत नाहीं, वा दुसऱ्यास लिहून देतां येत नाहीं. तें त्या मुलुखांतील उत्पादकांचें राहतें. अशी नोंद मिळविण्यास मालाचे गुण मुलुखाशीं बांधलेले आहेत हें पुराव्यानिशीं दाखवावें लागतें. तें काम एकट्याचें नव्हे, संघाचें आहे.

कागद वाचतांना

कारखान्यांच्या या इतिहासावरून करार करूं इच्छिणाऱ्या शेतकऱ्यानें चार कलमें शोधून वाचावीं अशी आमची सूचना आहे.

पहिलें, बेणें व जात कोणाची, आणि पीक निघाल्यावर उरलेलें बेणें ठेवण्याविषयीं काय लिहिलें आहे. बँटमनें आराखडा दिला आणि त्यावरचा ताबा सुटला. आपल्या बाबतींत ताबा मुळांतच दुसऱ्याचा असतो, म्हणून मर्यादा आधीं कळल्या पाहिजेत.

दुसरें, माल नापसंत कोण ठरविणार, कोठें व कोणासमक्ष. फोर्डनें आपल्या भागांवर ठसा मारला, त्यामुळें दोष कोणाचा हें ठरवितां येई. आपल्या पोत्यांवरही ज्याची त्याची खूण असावी, वजन व निवड शेतकऱ्यासमक्ष व्हावी, आणि बाद ठरलेल्या मालाचें काय करावयाचें हें लिहिलेलें असावें. कंपनीच्या आवारांत पोंचल्यावर बाद झालेला बटाटा परत आणण्याचें भाडें कोणी द्यावें, यावरूनच पुष्कळ तंटे होतात.

तिसरें, कंपनीनें माल उचललाच नाहीं तर काय. झालेला खर्च किती व किती दिवसांत भरून मिळेल, माल दुसरीकडे विकण्याची मोकळीक कधीं मिळेल, हें कलम नसेल तर फिस्करच्या दिवाळ्यांत ग्राट्झची जी गति झाली ती आपली होईल. नाशवंत मालास तर थांबण्यासही वेळ नाहीं.

चौथें, आपल्या हातीं काय राहणार. मातीची तपासणी, पाण्याचें मान, औषधांचे हिशेब, प्रतवारीची रीत हें सर्व कंपनीच्या मनुष्याच्या वहींत जातें. त्याची एक नक्कल शेतकऱ्याच्या घरीं राहिली पाहिजे. महिंद्रनें व फोर्सनें दुसऱ्याचें काम करतांना जी विद्या घेतली, तिच्याच बळावर त्या पुढें उभ्या राहिल्या. चाकण-रांजणगांवीं कामास जाणाऱ्या आमच्या तरुणांनींही हेंच पाहावें. केवळ पाळी भरून परत येण्यापेक्षां कोणत्या यंत्रावर किती काळ काम केलें याचा लेखी दाखला मागून घ्यावा. ठेकेदार बदलला तरी दाखला बदलत नाहीं.

करार बहुधा बारीक अक्षरांत व कित्येकदां इंग्रजींत असतात, आणि सही घेण्याची घाई बेणें उतरविण्याच्या दिवशीं होते. हें टाळण्यासाठीं आपल्या संघानें एक काम अंगावर घ्यावें. सभासदांना ज्या ज्या कंपन्यांचे करार येतात त्यांची एकेक प्रत मागवून त्यांचें मराठी करून घ्यावें, चारही कलमांखालीं काय लिहिलें आहे व काय लिहिलेलें नाहीं याचा तक्ता करावा, आणि मंचर व नारायणगांव येथें बाजारच्या दिवशीं सभासदांपुढें तो वाचून दाखवावा. यास मोठा खर्च नाहीं. दोन लिहिणारे व एक वाचणारा पुरे. पठारावर बटाट्याच्या लागणी पावसाच्या तोंडाशीं सुरू होतात, तेव्हां मृग निघण्यापूर्वींच हें काम व्हावें.